त्रुफोसाच्या देजाच्या गाई

माझी थोरली जाऊ त्रुफोसा हिनं साठी उलटल्यावर, नातवंडं अंगाखांद्यावर खेळायला लागल्यावर, स्वतःचं देज, म्हणजे नवऱ्यानं मुलीच्या बापाला द्यायच्या गाई, स्वतःच्या पैशानं भरलं. त्यातून पुढे जे झालं ते आमच्या कोवीरो गावात प्रत्येकजण आपल्याला बरं वाटेल तेवढंच सांगतो. मी सगळ्या वेळी तिथे हजर होते, म्हणून मी सांगते.

पैसे आले ते फोनवर. कुणी आपल्याला फुकट पैसे देईल यावर आधी कुणाचा विश्वास बसला नाही. पैसे वाटणाऱ्या संस्थेची लावेंडर नावाची मुलगी मोटारसायकलवर मागे बसून यायची, पायात पांढरे बूट, आमच्या मातीनं ते लवकरच तांबडे झाले. प्रत्येक घरी बसून ती एकच सांगायची की पैसे तुमचे, परत करायचे नाहीत, काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पाद्रीबुवांनी चर्चमध्ये सांगितलं की इतकं गोड बोलणारा एकजण बायबलमध्येही आहे आणि तो साप आहे. पण पैसे आले तेव्हा पाद्रीबुवांच्याही फोनवर आले, आणि पुढच्या रविवारचं प्रवचन दुसऱ्याच विषयावर झालं.

मग गावात ठोकाठोकी सुरू झाली. ज्याच्या त्याच्या घरावर गवत जाऊन पत्रे चढले. माझ्याही चढले. पाऊस आला की त्या आवाजात माझ्या नवऱ्याचं बोलणं मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचा संसार बराच सुधारला.

त्रुफोसाच्या घरी मात्र काहीच हालचाल नव्हती. तिचा नवरा झाब्लोन, म्हणजे माझे थोरले दीर, यांनी ते पैसे यायच्या आधीच बोलून बोलून खर्च केले होते. आधी बैलजोडी घेतली, मग ती विकून होडीचं इंजिन घेतलं. तळं आमच्यापासून दोन तास लांब आणि भावजींना पाण्याची भीती, तरी इंजिन घेतलं. पण फोन होता त्रुफोसाच्या नावावर, आणि ती तो कमरेच्या फडक्यात बांधून हिंडायची.

एका दुपारी त्यांच्याकडे आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि सुकी मासळी होती. त्रुफोसानं भावजींच्या पुढ्यात उगालीचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "मी गाई घेणार आहे."

भावजी खूश झाले. "दुधाच्या?"

"देजाच्या."

"कुणाच्या देजाच्या? पोरांची लग्नं तर झाली."

"माझ्या," ती म्हणाली, आणि मासळीचं भांडं पुढे सरकवलं.

झालं होतं असं, की भावजींनी तिला तरुणपणी बाजारच्या दिवशी सायकलच्या मागे बसवून तिच्या न्यागोदे गावाहून आणली होती. पीक निघालं की गाई पाठवतो असा तिच्या बापाला निरोप दिला होता. पीक निघालं, खाऊन झालं, अशी कितीतरी पिकं निघाली. बाप वाट बघून गेला. त्याच्या दफनाला जावयांना सावलीत खुर्च्या दिल्या, आणि भावजींना कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उलट्या उखळावर बसवलं. ते आपले तिथे बसले, जेवले आणि आले. त्यांना काही वाटलं नाही. त्रुफोसाला वाटलं. माहेरी गेली की तिची भावजय पाण्याचा तांब्या देताना हमखास विचारायची, "काय वन्सं, अजून उधारीवरच का?"

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं की जाऊबाई, तुमचं छप्पर चाळणी झालंय, आधी पत्रे घ्या. ती म्हणाली, "पेरेस, छप्पर गळतं तेव्हा खाली मी भांडं ठेवते. भावजय तोंडावर बोलते तेव्हा काय ठेवू?"

गुरांच्या बाजारात गेलो तर भाव आभाळाला भिडलेले. आसपासच्या सगळ्या गावांत पैसे आलेत हे व्यापाऱ्यांना आमच्याआधी ठाऊक होतं. एकानं भावजींना विचारलं, मुलाचं लग्न काढलंय का. भावजी लाजून हो म्हणाले. मग त्यानं गिऱ्हाईक रमवायला म्हणून विचारलं की मुलगी कशी आहे.

"कामाला वाघीण आहे," त्रुफोसानंच उत्तर दिलं. "तोंडानं जरा फटकळ आहे."

व्यापारी म्हणाला की तसली असेल तर दोन गाई पुरे. तिनं चार घेतल्या. त्यातली एक तांबडी होती, गाभण, आणि तिच्याकडे बघूनच आपण गरीब आहोत हे विसरायला व्हायचं.

मागणी घालायला न्यागोदेला आम्ही सगळे गेलो. आमच्या बाजूनं बोलायला ओंदिती नावाचा शेजारी होता. बायको वारल्यापासून त्याला रीतीभातींचाच काय तो नाद उरला होता, त्यामुळे असल्या कामाला गाव त्यालाच नेई. पुरुष बाहेर झाडाखाली बसले. नवरीला रीतीप्रमाणे आत बायकांमध्ये बसवलं. मी तिच्याशेजारी होते. नवरीचे गुडघे दुखत होते म्हणून तिनं पाय लांब केले होते.

तिचा थोरला भाऊ एल्काना मुलीकडचा मुख्य. त्यानं विचारलं, पाहुणे कशासाठी आलेत. ओंदिती घसा साफ करून म्हणाला, "तुमच्या गोठ्यात आम्हाला एक कोवळी कालवड दिसली. ती आमच्या घरी शोभेल असं आम्हाला वाटतं." आत एका म्हातारीला इतकं हसू आलं की तिला पाणी पाजावं लागलं. पण एल्काना हसला नाही. चाळीस वर्षं तो या बैठकीची वाट बघत होता. मुलगी शिकलेली आहे, तो म्हणाला, चौथी पास. चार गाईंत भागायचं नाही. सहा हव्यात.

त्रुफोसा खिडकीशी गेली. "दादा, चौथीत मी नापास झाले होते. शाळेतून मला घरी आणायला तूच आला होतास."

एल्काना म्हणाला की नवरीनं मध्ये बोलायचं नसतं.

"नवरीला अंधार पडायच्या आत घरी जाऊन कोंबड्या कोंडायच्या आहेत," ती म्हणाली.

तरी बराच वेळ ओढाताण चालली. एल्काना तिच्या गुणांमागून गुण सांगत गेला आणि ती खिडकीतून एकेक खोडून काढत गेली. इतकी घासाघीस मी भर बाजारात पाहिली नाही. शेवटी चारांवर आलं. भावजी या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. पण सौदा ठरल्यावर एल्कानाच्या मुलानं घरातून खुर्ची आणली, हातांची, पाठीला गादी असलेली, आणि ती भावजींना दिली. ते बसले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. हात धुवायला पाणी आलं तरी उठले नाहीत, मुलीनं तिथेच जागेवर त्यांचे हात धुतले. जेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं रश्शाचं तिखट, पण रश्शात तिखट नव्हतं.

त्यानंतर भावजी बदलले. जो भेटेल त्याला माझ्या सासुरवाडीला असं असतं, माझ्या सासुरवाडीला तसं असतं, असं ऐकवायला लागले. त्रुफोसाच्या घरात पाऊस गळत होता आणि ती भांडी ठेवता ठेवता गाणं म्हणत होती.

हे असंच राहिलं असतं. पण संस्थेची माणसं पुढच्या हंगामात न्यागोदेला पोचली. तिथे कुणीतरी उठवलं की ज्याच्या दारात गाय, तो गरीब नाही, त्याला दमडी मिळायची नाही. एल्काना घाबरला. एक दिवस भर दुपारी, सगळा रस्ता बघत असताना, त्यानं त्या चार गाई हाकत आमच्याकडे आणल्या आणि त्रुफोसाच्या दारात बांधल्या.

"थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "पाहुण्या आल्यात असं समज. पैसे आले की नेतो."

त्रुफोसाला त्यात वावगं वाटलं नाही. भाऊच तो. तिनं संध्याकाळी दूध काढलं, मला अर्धा तांब्या दिलं.

घोटाळा केला ओंदितीनं. तो रस्त्यानं जाता जाता थांबला, गाई बघितल्या, टोपी काढली आणि म्हणाला, "देज परत आलं."

मी म्हटलं, परत कुठलं, ठेवायला दिलंय. ओंदिती म्हणाला की रीत कारण विचारत नाही. मुलीकडच्यांनी गाई परत आणून बांधल्या म्हणजे लग्न सुटलं. वाटलं तर आणखी कुणा जाणत्याला विचारा. दुसऱ्या दिवशी खरोखरच दोन जाणत्यांना विचारलं आणि दोघांनी खूप वेळ जमिनीकडे बघून सांगितलं की ओंदिती म्हणतो त्यात चूक काही नाही.

मला वाटलं भावजी हसतील. ज्या माणसानं जन्मभर देज थकवलं त्यानं एकदम रीतीचं इतकं मनावर का घ्यावं? पण त्यांनी घेतलं. त्या संध्याकाळी ते त्रुफोसाच्या दाराबाहेर उभे राहून खाकरले.

"अहो बाई," ते म्हणाले, "माझी चादर आत राहिली आहे, तेवढी देता का?"

त्रुफोसा बाहेर आली. आयुष्यात या माणसानं तिला अहो म्हटलं नव्हतं. "डोकं फिरलं का तुमचं? आत या, जेवण थंड होतंय."

"परक्या बाईच्या घरी मी कसा जेवू? लोक काय म्हणतील."

तिनं चादर त्यांच्या अंगावर फेकली. ते मुलाच्या रिकाम्या झोपडीत राहायला गेले, तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, आणि जेवायला माझ्याकडे येऊ लागले. अंगणात समोरासमोर आले की बाजूला होऊन तिला वाट द्यायचे. एकदा तिच्या डोक्यावर पाण्याची घागर होती, ती त्यांनी उतरवून दिली आणि जपून जा, बाई, असं म्हणाले. त्रुफोसा माझ्याकडे येऊन बसली. आधी खूप हसली. मग म्हणाली, "मेल्यानं सायकलवरून आणली तेव्हापासून माझी घागर उतरवली नव्हती. त्यासाठी लग्न मोडावं लागलं."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ओंदिती आला. धुतलेला शर्ट, हातात किलोभर साखर. मोकळ्या बाईची विचारपूस करायला हरकत नसते, असं तो मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. त्रुफोसानं त्याला बसायला दिलं. त्यानं गळक्या छपराकडे बघून सांगितलं की त्याच्या घरावर पत्रे आहेत, नवे, आणि आत एकटाच माणूस. मग पुन्हा आला, या वेळी साबणाची वडी घेऊन.

भावजी हे सगळं झोपडीच्या दारातून बघत होते. माझ्याकडे जेवायला आले तर घास गिळेना.

"पेरेस, तिनं साखर घेतली का?"

"घेतली."

"चहात घातली?"

"घातली, भावजी. मीही प्यायले."

त्यांनी हात धुतला आणि उठून गेले. तिला गंमत वाटत होती, हे मी त्यांना सांगू शकले असते, पण नाही सांगितलं. मलाही साखर मिळत होती.

इकडे भावजींनी एल्कानाला निरोपावर निरोप धाडले की गाई घेऊन जा. एल्कानाचं उत्तर यायचं की संस्थेची मोजणी संपलेली नाही, थांबा. शेवटी एका सकाळी मी झाडत होते तर भावजी अंघोळ करून, चर्चचा पांढरा शर्ट घालून, काठी घेऊन त्रुफोसाच्या दारात. तिला काही न विचारता त्यांनी गाई सोडल्या आणि न्यागोदेच्या वाटेला लावल्या. तांबडीचं पोट आता जमिनीला टेकेल असं झालं होतं, म्हणून ते तिच्या चालीनं हळूहळू चालले होते. मी त्रुफोसाला हाक मारली. आम्ही मोटारसायकलवाल्याला गाठला, पण त्याच्या चाकात हवा नव्हती, ती भरेपर्यंत बराच वेळ गेला. मग दोघी त्याच्या मागे बसून निघालो.

पोचलो तेव्हा एल्कानाच्या अंगणात लावेंडर बसलेली होती, मांडीवर फोनसारखी, पण मोठी काचेची पाटी. ती विचारत होती, जनावरं किती. एल्काना सांगत होता की एक कोंबडी आहे, तीही आजारी. तेवढ्यात भावजी शेतवाटेनं गाई घेऊन अंगणात शिरले.

गाईंनी कुणाकडे बघितलं नाही. त्या सरळ गोठ्यात गेल्या आणि आपापल्या खुंट्यापाशी उभ्या राहिल्या.

"मेहुणे," भावजी म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या देजाच्या गाई आणल्यात."

एल्काना लावेंडरला म्हणाला, या माणसाला मी ओळखत नाही. लावेंडरनं विचारलं, आणि गाईंना? गाईंनाही नाही, तो म्हणाला, वाट चुकल्या असतील. त्याची बायको दारात उभी होती, तिनं गाई बघून सवयीनं पाण्याची बादली उचलली होती. एल्कानानं डोळे वटारल्यावर तिनं ती तशीच खाली ठेवली.

भावजींना हे अपेक्षित नव्हतं. ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मग ते बोलले. तिथे लोक जमले होते, पण ते लावेंडरशीच बोलले, ती परकी होती म्हणून असेल.

"मुली, यानं हो म्हटलं तर याचे पैसे जातात, आणि नाही म्हटलं तर माझी बायको जाते. मागच्या वेळी या गाई तिनं घेतल्या होत्या, मी नुसता मागून चालत आलो होतो. आज मी स्वतः आणल्यात. मला ती बाई हवी आहे. एवढंच लिहून घे."

त्रुफोसा माझ्याशेजारी कुंपणाला धरून उभी होती. तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मग ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलंय बघ यानं."

लावेंडर गोंधळली होती. तिनं एल्कानाला समजावलं की काका, या वेळी गावातल्या प्रत्येक घराला पैसे मिळणार आहेत. दारात गाई असोत नाहीतर हत्ती असोत. मी नुसती माहिती विचारते आहे.

एल्काना उठला, गोठ्यापाशी गेला, एकेका गाईच्या पाठीवर हात फिरवला.

"मग या माझ्याच," तो म्हणाला. "बसा मेहुणे. अरे, खुर्ची आणा."

पण आता त्रुफोसा पुढे झाली. ज्या गाईंना तू चारचौघांत ओळख दिली नाहीस त्या तुझ्या कशा, असं तिनं भावाला विचारलं. यावर बरीच बोलाचाली झाली. तिथले म्हातारे जमले, त्यांनाही दुपारचं काही काम नव्हतं. शेवटी असं ठरलं की देज पावलं, लग्न पुन्हा लागलं, पण बहिणीच्या देजाला ओळख नाकारल्याबद्दल भावानं एक गाय दंड म्हणून द्यावी, आणि कुठली ते बहिणीनं सांगावं. तिनं तांबडीकडे बोट दाखवलं. एल्कानाचं तोंड उतरलं, पण फोनवर येणारे पैसे डोळ्यांपुढे होते, म्हणून त्यानं ताणलं नाही.

तांबडी आमच्याकडे व्याली. कालवड झाली. दुधाचे पैसे त्रुफोसाच्या हातात येऊ लागले, आणि त्यातून तिनं घराच्या निम्म्या भागावर पत्रे घातले, चुलीकडच्या. भावजी पहिले काही दिवस तिला अहो म्हणायचे आणि घागर उतरवायचे. मग अहोचं अगं झालं, आणि घागरही ती पुन्हा आपली आपणच उतरवायला लागली. ओंदितीनं साखर परत मागितली नाही. फक्त रस्त्यानं जाताना तो हल्ली पलीकडच्या बाजूनं जातो.

मग एक दिवस दोघांचं भांडण झालं. भावजींनी तिला न विचारता कालवड एकाला विकायचा शब्द दिला होता. त्रुफोसा भडकली. पूर्वी अशी भडकली की ती माहेरी जाऊन महिना महिना राहायची, आणि भावजींना उगालीही ढवळता येत नसल्यामुळे ते शेवटी गयावया करत न्यायला जायचे. तशीच आताही तिनं गाठोडं बांधलं आणि निघाली.

संध्याकाळच्या आतच मोटारसायकल माझ्या दारात थांबली आणि ती उतरली. गाठोडं तसंच.

तिनं सांगितलं की एल्कानानं तिला चहा दिला, अंडं उकडून दिलं, भावजयीनं वन्सं वन्सं करून पाय चेपले. मग एल्काना म्हणाला, आता निघ. तू इथे राहिलीस आणि उद्या तुझा नवरा गाई परत मागायला आला तर मी काय करू? त्यातल्या एकीवर त्यानं कर्ज घेतलं होतं. मोटारसायकलचं भाडं त्यानं स्वतःच्या खिशातून दिलं, आणि भावानं जन्मात तिच्यावर केलेला हा पहिला खर्च होता.

"पेरेस," ती म्हणाली, "माझं देज दिलेलं नव्हतं तेव्हा मला पाहिजे तिथे जाता येत होतं."

मला वाटलं ती रडेल. ती गाठोड्यावर बसली आणि हसायला लागली, मग मीही हसायला लागले. भावजी कुंपणापलीकडून काय झालं म्हणून विचारत होते, त्यांना आम्ही उत्तर दिलं नाही. हसून झाल्यावर तिनं नाक पुसलं, कमरेच्या फडक्यातून फोन काढला आणि ज्याला भावजींनी कालवडीचा शब्द दिला होता त्या माणसाला लावला. कालवड विकायची नाही, ती म्हणाली. तो म्हणाला असणार की घरधन्यानं तर हो म्हटलंय, कारण ती म्हणाली, "घरधनी म्हणाले असतील. कालवड माझी आहे." मग फोन परत बांधला आणि धार काढायला गेली.